मागे चालू ठेवलेलं काम

गावाहून आलेल्या वडिलांच्या, आप्पांच्या पत्राला जगदीशने अजून उत्तर दिलं नव्हतं. निळं अंतर्देशीय रोज बॅगेतून परळला कचेरीत यायचं आणि रोज परत घरी जायचं. मजकूर एवढाच: 'गिरण परत सुरू होतली काय? होतली तर थांबतंय. नाय तर आपल्या माळावरच्या वरकस जमनीत आंब्याची कलमा लावतंय. पावसाआधी खड्डे मारूक होये. काय ता कळय.'

ब्याऐंशीचा गिरणी-संप कुणी मागे घेतलाच नव्हता. त्यामुळे आप्पांच्या लेखी तो अठरा वर्षं चालू होता, आणि ते गावी गेले होते ते तात्पुरते. इथे ते जिथे कापड विणत त्या साचेखात्याच्या जागी काचेची कचेरी उभी राहिली होती आणि तिच्यातच जगदीश कॉम्प्युटरवर बसत होता. हे कोणत्या तोंडाने लिहायचं? कचेरीच्या खिडक्या उघडत नसत. मान वर केली की समोर गिरणीची चिमणी, खाली घातली की पायाशी बॅग.

तो ज्यावर काम करायचा ते मोठं कॉम्प्युटर-मशीन होतं अमेरिकेत. इथून तारेवरून त्याला काम सांगायचं. मध्येच लाइन तुटली की काम मरायचं, म्हणून ते 'स्क्रीन' नावाच्या प्रोग्रामात सुरू करायचं. मग आपण त्यापासून सुटून बाहेर पडलो तरी काम तिकडे चालू राहतं. हवं तेव्हा येऊन पुन्हा जोडून घ्यायचं. शुक्रवारी त्याने एका विमा कंपनीच्या नोंदी बदलायचं काम लावलं, सुटला आणि घरी गेला.

सोमवारी जोडून बघतो तर पडद्यावर एकच ओळ. जुन्या नोंदी पुसून पुढे जाऊ? हो की नाही?

शेजारच्या टेबलावरची कांता वाकून बघत म्हणाली, "अगं बाई! जगदीशभाऊ, हे शुक्रवारपासून इथंच उभं?"

"मला वाटलं, चाललंय."

"चाललंय कसलं! प्रश्न विचारून बसलंय बिचारं. लावल्यावर जरा थांबून बघायचं, मग सुटायचं. एवढी कसली घाई होती? घरी कोण वाट बघत होतं?"

"घरी कोणी नाही."

"मग द्या आता उत्तर. ते काय, वर्षभर उभं राहील. त्याला कुठे भूक लागते?"

जगदीशचं बोट बटणावर थबकलं. "जुन्याची प्रत आहे ना?"

"तुम्हीच काढलीत की हो! किती घाबराल?"

त्याने 'हो' दाबलं. ओळी भराभर वर सरकू लागल्या. त्या खरंच सरकताहेत, हे तो बराच वेळ बघत राहिला. मग सुटला, आणि डबा न उघडताच खाली उतरला.

लालबागच्या पोस्टात त्याने दोन अंतर्देशीय घेतली. पहिल्यावर माफी मागता मागता कागद संपला. ते त्याने फाडलं. दुसऱ्यावर लिहिलं: 'आप्पा, गिरण सुरू होणार नाही. तिच्या जागी कचेरी झाली आहे. मी तिथेच कामाला आहे, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. कलमं लावा. खड्डे मारायला मी येतो.'

पत्र पेटीत टाकून तो निघाला, चार पावलांवरून परत आला आणि त्याने फटीत बोटं घालून चाचपून पाहिलं. कुठे अडकलं नव्हतं.