पाठमोरं डुक्कर

शाळेत एक पत्र आलं. प्रत्येक मुलाने स्वतःचं असं एक चिन्ह तयार करावं, सगळी चिन्हं एका सालीच्या कापडावर उमटवावीत आणि ते कापड राजधानीत टांगायला पाठवावं. पत्राखाली तीन सह्या होत्या, म्हणजे ते कुणीच वाचलेलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी ते माझ्याकडे सरकवलं. आमच्या टोंगा बेटांवर सालीचं कापड बायका करतात. पुरुषाने झाड तोडून आणायचं आणि मग लांब जाऊन बसायचं. पण मी शिक्षकांत सगळ्यात लहान होतो आणि लांब बसण्यात तरबेज होतो. ते मुख्याध्यापकांना बरेच दिवस खुपत होतं.

मी साल कुटणाऱ्या बायकांकडे गेलो. त्यांच्यातल्या थोरल्या आजींनी पत्र ऐकून घेतलं.

"आपापलं चिन्ह?" त्या म्हणाल्या. "अरे, कापड उचलायलाच वीस जणी लागतात. त्यावर एकट्याचं काय काढणार?"

"पत्रात लिहिलंय, आजी."

"मग पत्रालाच सांग कुटायला."

तरी त्यांनी कुटलेली साल दिली, चिकटवायला खळ दिली आणि तपकिरी रंगाचं एक डबडं दिलं. वर सांगितलं, "पोरं रडवू नकोस." मला वाटलं, पोरांनी मला रडवू नये असं त्यांना म्हणायचं असेल.

वर्गात अकरा मुलं. मी त्यांना म्हटलं, "जुन्या चिन्हांत वटवाघूळ आहे, उडणारे दोन पक्षी आहेत, राजाच्या वाटेवरची झाडं आहेत. ती कुणा एकाची नाहीत. तुम्ही मात्र असं काढा, की तुम्ही वर्गात नसलात तरी कापड बघून कळावं, इथे हा बसतो."

"मी तर नेहमीच नसतो," सितालेकी म्हणाला. "मग मला मोठं लागेल."

सितालेकी माझ्या बहिणीचा, लविनियाचा मुलगा. नऊ वर्षांचा. लहानपणी ताप आला तो त्याच्या काळजाची झडप बिघडवून गेला. धावायचं नाही, पोहायचं नाही, पाण्यात उभंही राहायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हणून तो दुसऱ्यांना धावायला लावायचा. आमच्यात भाच्याला मामाची कुठलीही वस्तू उचलून न्यायचा हक्क असतो आणि मामाने हसून "ने" म्हणायचं असतं. बाकीची पोरं हा हक्क जपून वापरतात. सितालेकीने माझी सायकल नेली, उशी नेली, आणि एकदा ताटातला तारोचा कंद उचलत म्हणाला, "मामा, तुला आवडत नाही ना?"

आमच्यात आणखी एक रीत आहे. मोठ्या बहिणीपुढे भावाने थट्टा करायची नाही, एका खोलीत बसायचं नाही, बोलायचं तेही कामापुरतं. इतर घरांत हे आता सैल झालंय. आमच्या आईने मात्र ते आमच्या हाडांत बसवलं होतं. त्यामुळे लविनियाचं आणि माझं बोलणं सितालेकीमार्फत चालायचं आणि तो त्यात आपलं कमिशन घालायचा.

"आई म्हणते, मामाने केस कापावेत आणि मला आईस्क्रीम द्यावं."

"दुसरं आई म्हणाली?"

"तिच्या मनात होतं."

पहिल्या दिवशी मुलांनी सात फुटबॉल काढले, डबाबंद मांसाचा एक डबा काढला आणि एक येशू काढला. येशू हुबेहूब मुख्याध्यापकांसारखा दिसत होता, म्हणून मी तो जपून ठेवला. वीका नावाच्या मुलीने बंद दार काढलं आणि म्हणाली, "मी आत आहे." सितालेकीने पंधरा दिवस काहीच काढलं नाही. मग डुक्कर काढलं.

आमच्या गावातली डुकरं ओहोटीला समुद्रात शिरतात आणि खेकडे, मासे धरतात. त्यांतलं एक डुक्कर पोटापर्यंत पाण्यात नुसतं उभं असायचं. सितालेकी रोज किनाऱ्यावरून त्याच्याकडे बघत बसायचा.

"हेच का?" मी विचारलं.

"ते काही धरत नाही, मामा."

"मग खातं काय?"

"दुसऱ्यांनी धरलेलं."

"म्हणजे तू."

"म्हणून तर."

"पण हे पाठमोरं आहे. चिन्हाला तोंड हवं."

"तोंड समुद्राकडे आहे. बघायचं तर पाण्यात जा."

नारळाच्या पातीच्या शिरा पानावर शिवून आम्ही साचे केले. साच्यावर कापड ताणायचं आणि रंगाचा बोळा घासायचा, की खालचं चित्र हळूहळू वर येतं. मग कुंचल्याने त्यावर काळी रेघ. डुकराची पाठ उमटली तेव्हा सितालेकीने एका दमात रेघ ओढली, पाण्याच्या तीन लाटा काढल्या आणि दम लागून खाली बसला. त्याची जागा बरोबर मधे आली. "बाजूला माणसं असावीत," तो म्हणाला.

कापड वाळत होतं तेव्हा न्यूझीलंडमधल्या ऑपरेशनच्या यादीत त्याचं नाव लागलं. त्याचा बाप न्यूझीलंडला सफरचंदं तोडायच्या कामावर होता, तो तिथे भेटणार होता. जाताना सितालेकीने साचा सोबत घेतला, दवाखान्यातल्या बायांना दाखवायला, आणि माझ्या चपला नेल्या. त्या त्याला दोन बोटं मोठ्या होत्या.

अठराव्या दिवशी बाप त्याला पेटीतून घेऊन आला. पिशवीत दोन शर्ट होते आणि माझ्या चपला. साचा नव्हता. कुणाला तरी देऊन टाकला असणार, दुसऱ्यांच्या वस्तू वाटण्यात त्याचा हात सैलच होता.

आमच्या मरणात बापाकडचे मोठे आणि आईकडचे छोटे. मुलाच्या मामापेक्षा छोटं त्या घरात कुणीच नसतं. मी सुतकाची, कानापर्यंत येणारी फाटकी चटई अंगाला गुंडाळून मागच्या अंगणात भट्टीपाशी होतो. पेटीजवळ जायची मला मुभा नव्हती. डुकरं आणली गेली, ती भाजायचं काम माझं. त्यांत ते होतं की नाही, माहीत नाही. पाठमोरं डुक्कर तोंडावरून ओळखता येत नाही.

वीका मागच्या दाराने आली. निरोप्याची जागा आता तिच्याकडे गेली होती. तिने कमिशन घेतलं नाही.

"सर, लविनियामावशी म्हणतात, कापडातला त्याचा तुकडा त्यांना हवा. त्यांच्याकडे त्याच्या हातचं काहीच नाही."

"बरं."

"आणि राजधानीला न पाठवता ते कापड आम्हाला त्याच्याखाली अंथरायचंय. पण मधला तुकडा कापला तर तो भोकावर झोपेल."

मी विचार केला. मरणात अंथरलेल्या कापडांतलं सगळ्यात चांगलं बापाची बहीण नेते. तो तिचा मान, त्याला कुणी हात लावत नाही. पण त्या घरात पन्नास-पन्नास हात लांब, आज्यांनी केलेली कापडं येऊन पडली होती. सात फुटबॉल आणि मांसाचा डबा असलेलं कापड कोण नेणार? ते उरेल, आणि मग मी सावकाश मधला तुकडा कापून देईन. मी वीकाला म्हटलं, "अख्खंच अंथरा. मावशीला सांग, मिळेल." माझं आयुष्यातलं हे एकमेव वचन, जे देताना मी थट्टा करत नव्हतो.

मुलांनी कापड आत नेलं. सितालेकीची आत्या मेलेनाइते उशाशी बसली होती. धिप्पाड बाई, अर्ध्या गावाला तिने कधी ना कधी रागावलेलं. पुरून आल्यावर कापडं वाटायची वेळ झाली, तेव्हा तिने आज्यांची सगळी कापडं बाजूला सारली. मुलांचं कापड मांडीवर घेतलं आणि हुंदका दाबत म्हणाली, "ह्याच्यापुढे बाकीची गोणपाटं आहेत." मग सगळ्यांत सन्मानाचं जे करतात ते तिने केलं. कापड कापलं आणि वाटलं. मधला, सगळ्यात चांगला तुकडा पाद्रीबाबांना दिला. त्यांनी डुक्कर दोन्ही हातांत घेऊन प्रार्थना म्हटली.

हे मला भट्टीपाशी कळलं. आत लविनिया भिंतीला टेकून बसली होती. आईकडच्यांनी मागायचं नसतं, म्हणून ती काही बोलली नाही. रडलीही नाही. तीन दिवसांत ती रडलीच नव्हती, आणि बायका त्याबद्दल कुजबुजत होत्या.

दहा दिवस सुतकाचे. त्यात मी स्वयंपाक सोडून जाऊ शकत नव्हतो. अकराव्या दिवशी चटई काढली आणि पाद्रीबाबांच्या दारात जाऊन उभा राहिलो. दिलेलं कापड परत मागायला आमच्याकडे कुणी गेल्याचं ऐकिवात नाही. पाद्रीणबाईंनी मला बसायला खुर्ची दिली, त्यावरून मी वेडा झालोय हे त्यांनी ओळखलं असावं.

"ते डुकराचं ना?" त्या म्हणाल्या. "अरे, आज सकाळीच गेलं. पलीकडच्या गावात किटिओने नावाचा म्हातारा वारला. रिकाम्या हाताने कसं जायचं?"

मी उसन्या सायकलवरून पलीकडच्या गावात पोचलो तेव्हा लोक थडग्यापाशी होते. वाळूत खणलेल्या खड्ड्याला चारी बाजूंनी कापडं लावली होती. डोक्याच्या बाजूला सितालेकीचं डुक्कर होतं. मला तिथे कुणी ओळखत नव्हतं. एक पाऊल पुढे टाकलं तेव्हा कुणीतरी माझा दंड धरला. त्याला वाटलं, दुःखाने मी आत उडी घेतोय. "हळू, बाबा," तो म्हणाला, "त्याचं वय झालं होतं." मग पेटी खाली गेली आणि पांढरी वाळू पडायला लागली. काय बोलणार होतो? थांबा, त्या डुकरावर माझ्या बहिणीचा हक्क आहे?

वीका म्हणाली, "सर, हे मी नाही सांगणार."

म्हणून मीच गेलो. लविनियाच्या चुलीघराबाहेर उभा राहिलो आणि समोरच्या नीरफणसाच्या झाडाला म्हटलं, "तुकडा किटिओनेबरोबर गेला. वचन माझं होतं. चूक माझी."

आत भांडं घासल्याचा आवाज थांबला.

"कुठल्या बाजूला?" तिने विचारलं. सहा महिन्यांत ती माझ्याशी थेट एवढंच बोलली.

"डोक्याशी."

दुसऱ्या दिवशी ती चटई गुंडाळून त्या थडग्याकडे चालत गेली. डोक्याच्या बाजूला वाळूत बसली आणि तिने हंबरडा फोडला. दुपारपर्यंत थांबली नाही. किटिओनेच्या पुतण्या आपापले रुमाल हातात धरून उभ्या राहिल्या, त्यांना रडायला जागाच उरली नाही. संध्याकाळपर्यंत दोन्ही गावांनी वर्षं मोजली, किटिओने लग्नाविना का राहिला याचा निकाल लावला आणि लविनियाला माफही केलं. मला कुणीतरी विचारलं, त्या दोघांचं हे कधीपासूनचं. भाऊ म्हणून मी त्या विचारणाऱ्याचे दात पाडायला हवे होते. मी म्हटलं, "फार जुनं आहे ते."

आता ती दर शनिवारी जाते. शिंपले रचते, पालापाचोळा वेचते. किटिओनेकडच्यांनी तिच्यासाठी एक छोटी चटई तिथे ठेवली आहे. हा किटिओने म्हणजे वर्षाला चार वाक्यं बोलणारा माणूस, त्यातली दोन हवामानावर. परवा त्याच्या धाकट्या पुतणीने धीर करून विचारलं, "मावशी, काका तुमच्याशी तरी बोलायचे का?"

"तोंड थांबायचंच नाही," लविनिया म्हणाली, आणि वाळू सारखी करत राहिली.