एकाच निळ्यातले चौघे

फोटो काढायचा हे बाबांनी ठरवलं, आणि त्यात चौघांनी एकाच निळ्या रंगात दिसायचं हेही त्यांनीच ठरवलं. रंगाऱ्याच्या घरचा फोटो म्हणजे त्याच्या धंद्याची पाटी, असं त्यांचं म्हणणं. तो मोठा करून दुकानात गल्ल्याच्या मागे लावायचा होता. गिऱ्हाईक आत शिरलं की त्याची नजर आधी त्या निळ्यावर पडली पाहिजे.

धाकटा दुसऱ्या गावी बस चालवायचा. फोटोपुरती सुट्टी काढून आलेला. "एकसारखे कपडे घालून चौघं रस्त्याने निघालो तर लोक बँडवाले समजून लग्नात वाजवायला बोलावतील," असं तो म्हणाला. बाबा हसले नाहीत. हल्ली ते हसायचेच कमी.

आईने पांढरे कपडे आणून दिले. बाबांचा शर्ट सुती, धाकट्याचा टेरिकॉटचा, आईचा झुळझुळीत रेशमी ड्रेस आणि थोरलीचा जाडसर लोकरी. प्रत्येक कापड रंग आपापल्या स्वभावाने पितं. एक घटाघटा, एक घोट घोट, एक नाक मुरडत. म्हणून चार कापडं एका निळ्यावर आणायची तर चार कढया वेगवेगळ्या लावाव्या लागतात, आणि खरी परीक्षा तिथेच असते. बाबांनी ती मुद्दाम ओढवून घेतली होती. सगळा रंग त्यांनी एकट्याने कालवला. दुकान आणि हिशेब सांभाळून थोरली कारखान्यातही हात लावायची, पण या वेळी तिला ढवळायचा दांडासुद्धा मिळाला नाही.

फोटोच्या दिवशी सकाळी थोरली आतल्या खोलीत आली तेव्हा आई पलंगावरच इस्त्री करत होती. चारही कपडे पलंगावर अंथरले होते. थोरली दारातच थांबली.

बाबांचा शर्ट वांग्याच्या सालीसारखा जांभळा झाला होता. आईचा ड्रेस शेवाळ धरलेल्या हौदासारखा हिरवट. थोरलीचा ड्रेस राखी म्हणावा असा. निळा म्हणता येईल असा फक्त धाकट्याचा शर्ट होता.

मागून बाबा आले, अर्ध्या गालाला साबण लावलेला. त्यांनी पलंगाकडे पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल पडला. केसाइतकाही फरक नाही, असं म्हणून ते पुन्हा आरशाकडे गेले.

थोरलीने आईकडे पाहिलं. आईने इस्त्री उचलली नाही, की मान वर केली नाही.

"घालून टाक गं," ती हळूच म्हणाली. "फोटो होऊन जाऊ दे."

"आई, तुला दिसतंय ना?"

"वर्ष झालं त्यांचे मोजे मी जोडून ठेवते. काळा आणि निळा त्यांना कळत नाही. दिव्याखाली तर मुळीच नाही." आईने ड्रेसची बाही उलटी केली. डॉक्टरांकडे चला म्हणून तिने किती वेळा विनवलं होतं. पण रंगाऱ्याचे डोळे गेले ही गोष्ट दवाखान्यातून बाजारात यायला वेळ लागत नाही, असं म्हणून त्यांनी तिलाच गप्प केलं होतं. "ती नजर हीच त्यांची सगळी मिळकत आहे. तीच नाही म्हटलं तर माणूस उभा कशावर राहील?"

"आणि कढईकाका?"

आईचा हात इस्त्रीवर तसाच राहिला. इस्त्रीखालचा ड्रेस करपायला लागला तेव्हा तिने ती उचलून बाजूला ठेवली.

कढईकाका म्हणजे कारखान्यातला सर्वांत जुना माणूस. थोरली रांगत होती तेव्हापासून कढया त्याच्या ताब्यात. त्यांच्या कारखान्यात रंगावरून वाद घालायची रीत नव्हती. कोणाला शंका आली की दोन्ही कापडांच्या चिंध्या कापायच्या, उत्तरेच्या खिडकीत शेजारी शेजारी धरायच्या आणि बाबांना विचारायचं, एक का दोन? उत्तरेचा उजेड शांत असतो, तो रंगाला फूस लावत नाही, हे बाबांनीच थोरलीला शिकवलं होतं. ती लहान असताना ते तिला स्टुलावर उभं करायचे, चिंध्या हातात द्यायचे आणि कितीही वेळ लागला तरी थांबायचे. घाई करू नकोस, डोळा निवू दे, मग सांग. तिने चूक सांगितलं तर रागवायचे नाहीत, दुसरी जोडी द्यायचे. पण त्यांनी स्वतः "एक" म्हटलं की विषय संपला. त्यांच्यानंतर तोवर कोणी "दोन" म्हटलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात कढईकाकाने ते म्हटलं. शाळेच्या गणवेशाचं कापड होतं. बाबांनी "एक" म्हटलं आणि काका सगळ्या कामगारांसमोर म्हणाला, "दोन आहेत मालक. तुम्हाला दिसत नसेल तर मी काय करू?" बाबांनी त्याला त्याच पावली घरी पाठवलं. माल गेला आणि तसाच परत आला. तेव्हा बाबांनी सांगितलं, जाता जाता त्याने डूख धरून कढईत काहीतरी टाकलं असणार. ते बाबांना खरंच वाटत होतं. ती गोष्ट बाजारभर झाली आणि काकाला कुठल्याच रंगाऱ्याने दारात उभं केलं नाही.

त्या दिवशी थोरलीही खिडकीपाशी होती. तिला ती कापडं दोन वाटली होती. पण ज्या माणसाने आपल्याला बघायला शिकवलं त्याला एक दिसतंय म्हणजे आपलाच डोळा फिरला असणार, असं समजून ती खाली बघत राहिली. आज पलंगावरच्या कपड्यांनी तिचा तो आडोसा काढून घेतला होता. आता गप्प बसायचं तर ते जाणूनबुजून.

तिने शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली. बाबांच्या शर्टाच्या आतल्या शिवणीतून एक चिंधी कापली, आईच्या ड्रेसमधून दुसरी. आईने तिचं मनगट धरलं, क्षणभर घट्ट, मग सोडलं.

स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला होती. बाबा तिथे तोंड पुसत उभे होते. थोरलीने दोन्ही चिंध्या काचेजवळ धरल्या.

"बाबा, एक का दोन?"

त्यांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. लहानपणीचा खेळ आठवला असावा. चिंध्यांकडे त्यांनी सावकाश पाहिलं, डोळा निवू दिला, अगदी शिकवल्याप्रमाणे.

"एक."

"दोन आहेत, बाबा."

धाकटा चहा पीत बसला होता. त्याने कप खाली ठेवला. बाबांच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. ते आधी चिडले. कोणी शिकवून पाठवलं, असं त्यांनी विचारलं. थोरलीने चिंध्या खाली घेतल्या नाहीत. मग ते धाकट्याकडे वळले. त्याला कशाचीही थट्टा करता यायची, पण आता तो नुसता टेबलाकडे बघत बसला. शेवटी बाबांनी दारात उभ्या असलेल्या आईला विचारलं. तिचं नाव ते कधी घ्यायचे नाहीत, आताही घेतलं नाही.

"तू सांग गं."

"दोन," ती म्हणाली. "अहो, चारही वेगळे आहेत."

बाबा खाली बसले. कोणता कसा आहे, ते त्यांनी एकेक करून विचारलं आणि थोरलीने एकेक करून सांगितलं. जांभळा, हिरवट, राखी. मग त्यांनी पुढचं विचारलं ते इतक्या हळू, की थोरलीला वाकावं लागलं.

"गणवेशाचं कापड?"

"तेही, बाबा. तेव्हाच मला तसं वाटलं होतं. मी बोलले नाही."

ते उठले आणि आत जाऊन तो जांभळा शर्ट घालून आले. धाकट्याने विचारलं, अजून फोटोला जायचंय का? ते थोरलीला म्हणाले, कढईकाकाच्या घराकडे चल, मला घरांवरचे आकडेही हल्ली नीट दिसत नाहीत.

कढईकाका एका गोदामावर रात्रपाळीची राखण करायचा, म्हणून त्या वेळी झोपलेला होता. त्याच्या बायकोने दार अर्धंच उघडलं. बाबा म्हणाले, उठवू नका, मी बसतो. पण आवाजाने काका जागा झाला होता. तो बनियनवर बाहेर आला, त्याने एकदा शर्टाकडे आणि एकदा बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं असणार, पण त्याने बाबांचं काम सोपं केलं नाही.

"तू खरं बोलला होतास," बाबा म्हणाले.

"ते मला तेव्हाही ठाऊक होतं, मालक." काकाने बसायला सांगितलं नाही. "हे इथे पायरीवर सांगून काय उपयोग? मला घालवलंत ते सगळ्यांसमोर."

बाबांनी मान हलवली. काका आत जाऊन सदरा घालून आला. तिघे कारखान्याकडे निघाले तेव्हा तो त्यांच्याबरोबर नव्हे, दहा पावलं मागून चालत होता. वाटेत थोरलीने स्टुडिओत फोन करून आज जमणार नाही म्हणून कळवलं, आणि मग घरी फोन करून आई आणि धाकट्याला कारखान्यात बोलावलं.

कारखान्यात पोचेपर्यंत आई आणि धाकटा तिथे आले होते. आईने तो हिरवट ड्रेस घातला होता. धाकटाही आपला निळा शर्ट घालून आला होता. कामगारांना वाटलं, फोटोवाला इथेच येतोय. एकाने केस सारखे केले. मग त्यांनी दारात कढईकाकाला पाहिलं आणि कढईतले दांडे थांबले.

बाबा मधल्या कढईपाशी जाऊन उभे राहिले. त्यांनी दोनदा घसा साफ केला. वाफेने त्यांचे डोळे ओलसर दिसत होते, की वाफेने नाही, हे थोरलीला सांगता आलं नसतं. तिला पुढे होऊन त्यांच्याऐवजी बोलावंसं वाटलं. आईने तिला डोळ्यांनी थांबवलं.

"माझा हा शर्ट," बाबा म्हणाले, "आणि हिच्या अंगावरचा ड्रेस. दोन्ही मी रंगवलेत. दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही. मला ते एकाच रंगाचे दिसतात."

सगळ्यांच्या नजरा शर्टावरून ड्रेसवर आणि ड्रेसवरून शर्टावर गेल्या, आणि मग जमिनीकडे.

"गणवेशाचं कापडही मीच बिघडवलं. त्याने कढईत काही टाकलं नव्हतं. मी सांगितलं ते खोटं होतं. आज बाजारात जो विचारेल त्याला हे सांगा."

कढईकाकाने ते दारातच उभं राहून ऐकलं. बाबांनी त्याच्याकडे पाहत विचारलं, उद्यापासून येशील का? काकाने कढयांकडे पाहिलं, सवयीने जाळाकडेही पाहिलं. मधल्या कढईखालचा जाळ फार मोठा झाला होता. तो आत आला नाही.

"रात्रपाळी आहे मला," तो म्हणाला. "झोप झाली पाहिजे."

तो गेल्यावरही बाबा दाराकडे बघत उभे होते. थोरली खाली वाकली आणि तिने कढईखालचा जाळ कमी केला.