बसायला जागा

सोफा हॉलमध्ये आला आणि काकू स्वयंपाकघरात कोंडल्या गेल्या.

झालं असं, की दोन हमाल, सुतारकाम करणारे मिस्त्री आणि खुद्द मास्तर अशा चौघांनी मिळून तो अजस्र सोफा शनिवारी सकाळी घामाघूम होत आत आणला. भिंतीला पाठ लावून कोपऱ्यात बसवला. मास्तर दोन पावलं मागे सरकून कौतुकानं बघतात न बघतात तोच स्वयंपाकघराच्या दारावर आतून थापा पडायला लागल्या.

"अहो! बाहेरून कडी लावलीत की काय?"

कडी कुणी लावली नव्हती. सोफाच दाराला आडवा आला होता, चांगला चार इंच. दार उघडायचं हॉलच्या बाजूला, आणि सोफ्याची पाठ त्याला जागचं हलू देईना.

"मिस्त्री, हे काय करून ठेवलंत?" मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कोपऱ्यापासून दारापर्यंतची भिंत अठ्ठ्याहत्तर इंच आहे! अठ्ठ्याहत्तर!"

मिस्त्रींनी शांतपणे वरच्या खिशातून चिठ्ठी काढली. शिवायच्या कपड्यांवर टाचणीनं लावतात तसली, लांबट, निळ्या शाईची. "ब्याऐंशी लिहिलंय. अक्षर तुमचंच ना, मास्तर?"

अक्षर मास्तरांचंच होतं. त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, चष्मा पुसून पुन्हा धरली. आकडा काही बदलेना.

आता हे मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कपडे शिवणारे. गेली सव्वीस वर्षं याच हॉलमध्ये त्यांचं दुकान होतं. खिडकीखाली मशीन, मधोमध कापायचं टेबल, दारामागे इस्त्री, आणि बाकी जिकडेतिकडे गठ्ठे. गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या. काकूंसाठी मशीनच्या बाजूला एक बुटकं स्टूल. त्यावर बसून काकूंनी सव्वीस वर्षं काजं-बटणं केली आणि पँटींच्या पायांना हातशिलाई घातली. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मास्तर म्हणाले होते, "जरा जम बसू दे गं, दुकान बाहेर हलवतो आणि तुला छान हॉल करून देतो." जम बसायला सव्वीस वर्षं लागली. गेल्या महिन्यात कोपऱ्यावरचा गाळा मिळाला, मशीन तिकडे गेलं आणि हॉल रिकामा झाला.

आणि मग मास्तरांच्या अंगात आलं. भिंतींना कुठला रंग यावर दहा दिवस घोळ झाला. परगावी राहणारी लेक फोनवर रोज नवे फोटो पाठवायची. "बाबा, राखाडीच द्या. मोकळं वाटतं." मास्तर म्हणायचे, "अगं, राखाडी रंगात माणूस दिवसभर आजारी दिसतो!" शेवटी फिकट पिवळा दिला, तो वाळल्यावर ताकासारखा दिसायला लागला. दिव्याची जागा चुकली, पंख्याचं बटण कपाटामागे गेलं. प्रत्येक गोष्टीत काही ना काही माशी शिंकतच होती. मास्तर मात्र मागे हटेनात, कारण रविवारी काकूंच्या मैत्रिणी यायच्या होत्या.

या मैत्रिणी शाळेपासूनच्या. काकू धरून चौघी. दर दोन महिन्यांनी कुणा एकीच्या घरी जमायच्या आणि पोट दुखेपर्यंत हसायच्या. काकूंची पाळी आली की मात्र बागेतल्या बाकावर. काकू फोनवर सांगायच्या, "घरी नको गं, बसायला जागा नाही." मास्तर मशीन चालवता चालवता हे वाक्य ऐकायचे. दरवेळी काळजात काहीतरी टोचायचं आणि दरवेळी कुणीतरी गिऱ्हाईक समोर उभं असायचं. या खेपेला पहिल्यांदाच काकूंनी सांगितलं होतं, "रविवारी चार वाजता माझ्याकडे. घरी." सांगताना त्यांचा आवाज नवीनच होता. मास्तरांनी तो ऐकला आणि ठरवलं, की आता जीव गेला तरी बेहत्तर, हॉल रविवारपर्यंत झालाच पाहिजे.

मिस्त्री बिचारे म्हणाले होते, "मी येऊन मापं घेतो."

"मापं? मला?" मास्तर केवढ्यानं हसले होते. "गावभरची मापं घेतो मी! तुम्ही फक्त लाकूड कापा."

आणि त्यांनी मापं घेतली. टेप गळ्यात अडकवून, कानावर पेन खोचून, भिंत म्हणू नका, कोपरा म्हणू नका. आणि चिठ्ठीवर उतरवताना हातानं आपलं काम केलं. सव्वीस वर्षांची सवय. अंगाचं माप चौतीस असेल तर कापायचं अडतीस. शिवणीत जातं, धुतल्यावर आटतं, माणसाचं पोट सुटतं. म्हणून प्रत्येक बाजूला दोन इंच जास्त. कमी पडलं तर कापड वाया, जास्त झालं तर आत घेता येतं. मास्तरांनी सोफ्याला दोन्हीकडून दोन-दोन इंच सोडले. उंचीला दोन, खोलीला दोन. टेबलाला दोन, कपाटाला दोन. सगळीकडे हात सढळ.

"मग आता आत घ्या ना," मास्तर म्हणाले.

"लाकूड आहे, मास्तर," मिस्त्री म्हणाले. "टाके उसवून आत घ्यायला पँट नाही ही."

दोघा हमालांनी तोंडं भिंतीकडे वळवली. हसत असणार मेले.

तोपर्यंत आतून थापा थांबल्या होत्या. "चहा टाकलाय," काकूंचा आवाज आला. "कुणाला पाहिजे असेल तर खिडकीतून देते."

सोफा पुढे ओढला, काकूंना बाहेर काढलं. पुढे ओढलेला सोफा टेबलाला भिडला. टेबल सरकवलं तर कपाटाचे खण उघडेनात. कपाट हलवावं तर खिडकी झाकली जाते. दोन तास ही वरात हॉलभर फिरली. मास्तरांच्या दोन्ही नडग्या फुटल्या, एका हमालाचं बोट चेमटलं, आणि ताकाच्या रंगाच्या भिंतीवर हातभर ओरखडा उठला. शेवटी मिस्त्रींनी हात टेकले. स्वयंपाकघराचं दारच बिजागऱ्यांतून काढून गॅलरीत ठेवलं आणि सोफा पुन्हा कोपऱ्यात ढकलला.

"सोमवारी येतो, दार बारीक करून लावतो. पिशवी राहू दे इथंच," असं म्हणून हत्यारांची पिशवी ठेवून ते गेले.

"हरकत नाही," मास्तर काकूंना म्हणाले. "दाराऐवजी छान पडदा शिवतो. काय? बघ तरी, हॉल झाला की नाही! बस, बस ना!"

काकू पदर कमरेला खोचून सोफ्यापाशी गेल्या. काकूंना मैत्रिणी चिमणी म्हणतात, ते काही उगाच नाही. शाळेत रांगेत पहिल्या उभ्या राहायच्या, आजही कुठल्याही रांगेत त्याच पहिल्या. त्यांनी सोफ्यावर हात टेकला, टाचा उचलल्या आणि एक लहानशी उडी मारून वर बसल्या. मागे सरकल्या, तर गुडघे सोफ्याच्या काठापर्यंत पोचेनात. पुढे सरकल्या, तर पाय अधांतरी. मध्ये बसल्या आणि पाय लोंबकळत राहिले.

"कसं वाटतंय?" मास्तरांनी विचारलं.

"छान आहे. कापड छान आहे."

"सवय होईल थोड्या दिवसांत."

काकू तशाच उडी मारून खाली उतरल्या. गॅलरीत टाकलेलं ते जुनं बुटकं स्टूल घेऊन आल्या, खिडकीखाली, पूर्वी मशीन असायचं तिथं ठेवलं आणि त्यावर बसल्या. पाय जमिनीवर टेकले तसा त्यांनी श्वास सोडला. मग फोन घेतला.

"अगं, मी बोलतेय. उद्या आपण बागेतच भेटू या का? ... नाही गं, झालाय हॉल, झालाय. पण घरी नको. बसायला जागा नाही."

मास्तर पडद्याचं कापड मोजत होते. टेप हातातच राहिला.

एवढा धडधडीत सोफा समोर उभा, एक माणूस आडवं झोपेल एवढा, आणि बसायला जागा नाही! त्यांना आधी रागच आला. महिनाभर राबलो, नडग्या फोडून घेतल्या, कुणासाठी? "अगं, काय बोलतेस तू? चार माणसं ऐसपैस बसतील त्यावर!"

"बसतील," काकू म्हणाल्या. "मी स्टुलावर बसेन. त्या विचारतील, तू का खाली? मग मी काय सांगू?" फोन त्यांनी मांडीवर ठेवला. "एक विचारू? बसायच्या उंचीला माप कुणाचं धरलंत?"

मास्तर टेप गुंडाळायला लागले.

"अहो, मी विचारतेय."

"माझं," मास्तर म्हणाले. "गठ्ठ्यावर बसलो आणि घेतलं. अठरा. वर दोन."

"मी घरातच होते."

तेवढंच म्हणाल्या. ना आवाज चढवला, ना डोळ्यांत पाणी आणलं. भांडल्या असत्या तर मास्तरांना सोपं गेलं असतं, भांडणात ते कुणाला हार जात नाहीत. सव्वीस वर्षं त्या घरातच होत्या. गावातल्या निम्म्या लोकांच्या छातीचे, कमरेचे आकडे मास्तरांना तोंडपाठ. दुधवाल्याचा एक खांदा उतरता आहे हेसुद्धा ठाऊक. आणि बायकोचं माप? कधी घेतलंच नव्हतं. टेलरची बायको कपडे बाजारातून तयार आणायची आणि स्वतःच खालून टीप घालून तोकडे करायची. एकदोनदा कापड घेऊन समोर उभी राहिली होती. "तुझं नंतर बघू गं, गिऱ्हाईक थांबलंय," असं म्हणून त्यांनी ते फळीवर ठेवलं होतं. ती कापडं पुढे कुठे गेली कोण जाणे.

मास्तरांना स्वतःची अशी काही लाज वाटली, की आता सोफ्याचं तोंडही बघू नये असं झालं.

मग ते उठले. टेप घेऊन काकूंसमोर जमिनीवर गुडघे टेकून बसले.

"हे काय आता?"

"नीट बस. पाय सैल सोड."

"अहो, काहीतरीच! गॅलरीतून लोक बघतील."

"बघू देत. गुडघा हलवू नकोस."

गिऱ्हाइकाला रोज सांगतात तेच शब्द. त्यांनी काकूंच्या गुडघ्यामागे टेपचं टोक धरलं आणि टाचेपर्यंत सोडलं. पाऊल केवढंसं. टाचेला भेगा पडलेल्या. टेपवरचा आकडा वाचायला त्यांना जरा वेळ लागला.

"साडेचौदा," ते म्हणाले आणि खडू घ्यायला खिशात हात घातला.

"वाढवू नका हं दोन," काकू म्हणाल्या.

मिस्त्रींच्या पिशवीतून करवत निघाली. सोफा उलटा करताना मास्तरांच्या कमरेत उसण भरली, तरी थांबले नाहीत. पायांवर खडूनं रेघा मारल्या. साडेपाच इंच उडवायचे. कात्री चालवणारा हात, त्याला करवत काय जमणार? पहिला पाय तिरका कापला गेला. दुसऱ्याला करवत अडकली, तेव्हा मास्तरांनी मिस्त्रीला, झाडाला आणि झाड लावणाऱ्यालाही शिव्या घातल्या. काकू उठून आल्या आणि सोफा दाबून धरून उभ्या राहिल्या. तिसरा बरा कापला गेला. चौथा बोटभर जास्तच उडाला. मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला.

"जास्त झालं तर आत घेता येतं, कमी पडलं तर वाया," काकू मागून म्हणाल्या. हसू दाबलेलं स्पष्ट कळत होतं.

"तू गप्प बस."

मास्तरांनी जाड कापडाच्या चिंध्या चौपदरी केल्या, आवळून शिवल्या आणि चौथ्या पायाखाली सारल्या. सोफा सरळ केला. मग एका पोत्याएवढ्या खोळीत कापडाची कात्रणं ठासून भरली, तोंड शिवलं आणि ती उशी पाठीशी ठेवली, म्हणजे मागची जास्तीची खोली भरून निघेल. उन्हं कलायला आली होती. हॉलभर लाकडाचा भुसा, भिंतीवर ओरखडा, दाराच्या जागी भोक. लेकीनं पाठवलेल्या एकाही फोटोत असला हॉल नव्हता.

"बस," मास्तर म्हणाले. यावेळी कसं वाटतंय ते विचारायची त्यांची छाती झाली नाही.

काकू बसल्या. उडी न मारता. पाठ उशीला टेकली, गुडघे काठावरून खाली वळले आणि दोन्ही पावलं टाचांसकट फरशीवर आली. त्यांनी खाली पाहिलं. एक पाऊल उचललं, पुन्हा टेकवलं. दुसरं उचललं, टेकवलं. सोफा एका बाजूला किंचित डुगडुगला, त्याकडे त्यांनी लक्षही दिलं नाही.

मास्तर शेजारी बसून बघायला गेले, तर त्यांचे गुडघे थेट हनुवटीपाशी आले. ते उठले आणि निमूटपणे स्टुलावर जाऊन बसले.

"मला जरा फोन द्या तो," काकू म्हणाल्या.

मास्तरांनी दिला.

"अगं, मीच. बागेत नको, घरीच या तिघी. ... काय सांगू, तुम्ही या तर खरं. ... हो गं बाई, आहे. बसायला जागा आहे."