सीटखालची तोटी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी तोटी आहे. माझं अर्धं आयुष्य माणसांच्या बुडाखाली गेलं, त्यामुळे माझी ओळख सगळ्यांना उशिरा झाली यात नवल नाही.

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची गोष्ट. अमरावतीजवळच्या एका गावातल्या माळी मंडळींनी बडनेरा स्टेशनावर संत्री पोचवायला मिळून एक लॉरी घेतली. तिच्या ड्रायव्हरच्या सीटखाली पेट्रोलची टाकी होती आणि टाकीच्या बुडाशी मी. मी उघडी असले की पेट्रोल इंजिनाकडे जायचं. बंद केलं, तर नळीत उरलेल्या पेट्रोलवर लॉरी थोडी धावायची आणि धापा टाकून थांबायची. काम एवढंच, पण माझ्यावाचून कोणाचं पान हलत नसे. तरी दसऱ्याला चाकांना हळदकुंकू लागलं, भोंग्याला झेंडूची माळ पडली आणि माझ्या वाट्याला आली ती सीटखालची धूळ.

लॉरी चालवायला अमरावतीहून खुशालराव उस्ताद आले. हंगाम संपेपर्यंत आमच्या गोवर्धनला तयार करा, असं मंडळींनी त्यांना सांगितलं. गोवर्धनने जन्मभर बैलगाडी हाकलेली. घाबरला की तो स्टिअरिंग कासऱ्यासारखं छातीशी ओढायचा आणि "हो, हो" म्हणायचा. पण हात चांगला होता त्याचा. मला सीटखालून कळायचं. ते उस्तादांनाही कळलं आणि तिथंच घोटाळा झाला.

गोवर्धनला जागा देताना उस्ताद उठता उठता सीटखाली हात घालायचे आणि मला बंद करायचे. लॉरी जराशी चालून गचके खात थांबायची. गोवर्धन इंजिन सुरू करायचं हँडल मारायला पुढे उतरला की उस्ताद त्याच्या जागेवर सरकायचे आणि मला गुपचूप उघडायचे. हँडल फिरलं की इंजिन सुरू.

"पाह्य," मिशीवर बोट फिरवत ते म्हणायचे, "गाडीले तुया हात मानवत नाही बापा. तू बैलंच हाक."

गोवर्धनला ते खरं वाटायला लागलं. मी तरी काय करणार? तोटीचं तोंड वाहायला असतं, बोलायला नाही.

हंगामाची शेवटची खेप आली. आज गोवर्धनने लॉरी बडनेऱ्याला नेली तर ती त्याच्या हाती, नाहीतर त्याने पुन्हा बैलगाडी धरायची, असं मंडळींनी ठरवलं. त्याची बायको वच्छला मागे संत्र्यांच्या टोपल्यांवर चढून बसली. निघताना उस्तादांनी नेहमीसारखा सीटखाली हात घातला आणि गोवर्धनला स्टिअरिंगवर बसवलं.

गाव मागे पडलं आणि लॉरी थांबली. गोवर्धन या वेळी हँडल मारायला उतरलाच नाही. खाली मान घालून बसून राहिला. आपल्याला बैलच बरे, असं पुटपुटला.

वच्छला खाली उतरून आली. तिने उस्तादांकडे चिमूटभर तंबाखू मागितली, नवऱ्याचं डोकं जागेवर यावं म्हणून. आपल्याजवळ तंबाखू नाही, असं उस्ताद म्हणाले.

"नाही कशी? निघताना सीटखाली ठेवली ना तुमी. मी पाह्यलं," असं म्हणत तिने हात घातला, तो थेट माझ्यावर. जरा चाचपून ती म्हणाली, "अवो, अठी तंबाखू नाही. तोटी हाय. अन् बंद हाय."

उस्ताद एकदम बाहेर पाहायला लागले. गोवर्धनने त्यांच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"उघड," तो म्हणाला.

तिने मला उघडलं. त्याने उतरून हँडल मारलं आणि इंजिन असं खणखणीत सुरू झालं की बाभळीवरच्या चिमण्या भुर्रकन उडाल्या.

उस्ताद हळूच म्हणाले, "तू शिकला असता त मले कोन ठेवलं असतं?"

गोवर्धन संतापला होता. वर चढून त्याने स्टिअरिंग गच्च धरलं. मग म्हणाला, "बसा उस्ताद. भोंगा तुमी वाजवा."

बडनेऱ्यापर्यंत भोंगा एकसारखा वाजत होता, रस्त्यावर कोणी नसलं तरी. "हो, हो" मात्र एकदाच ऐकू आलं, स्टेशनाच्या फाटकाशी, आणि तेव्हा पाय ब्रेकवरही होता.

पुढच्या दसऱ्याला वच्छलेने सीट उचलून पहिलं कुंकू मला लावलं. गोवर्धनकडे मग कितीतरी जण शिकायला आले. स्टिअरिंगला शिवू देण्याआधी तो त्यांचा हात धरून माझ्यावर ठेवायचा. खुशालरावही जोडीचे ड्रायव्हर म्हणून राहिले होते. शेजारी बसून तेच मोठ्याने सांगायचे, "पयले हे पाह्य."

लॉरी भंगारात गेली तेव्हा वच्छलेने मला काढून घेतलं, चिंचेने घासलं आणि बागेतल्या पाण्याच्या पिपाला बसवलं. तुमच्यासारखी मुलं येतात, ओंजळीने पाणी पितात आणि मला अर्धवट बंद करून पळतात. मग दिवसभर मी गळते आणि वच्छलाआजीच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो.

तेव्हा मित्रांनो, पाणी प्यालात की मला नीट बंद करत जा. पण कोणाला काही शिकवायला बसाल, तर आधी त्याचा हात धरून तोटी कुठे आहे ते दाखवा.