माझी दोन पानं पाथर्डीकडे गेली

मित्रांनो, माझ्या पोटात एक पत्र तीन महिने पडून होतं. त्याला लगेच उत्तर जायला हवं होतं. गेलं नाही. चूक पत्राची नव्हती, पोस्टाचीही नव्हती. थोडी माझीच असेल, असं मला पुष्कळ दिवस वाटत राहिलं.

मी आहे दोनशे पानांची, रेघांची, आता जुनी झालेली एक वही. नगरच्या एका लहान छापखान्यात मला दोऱ्याने शिवलं आणि पाठीवर लाल कापडाची पट्टी खळीने चिकटवली. माझ्या बहिणी दुकानांत गेल्या. मी श्रीगोंद्याच्या एका हायस्कूलच्या कार्यालयात आले आणि कपाटात कोरीच राहिले. आठ वर्षांपूर्वी तिथले लिपिक गहिनीनाथ भाऊसाहेब निवृत्त झाले. सत्काराच्या नारळाबरोबर त्यांनी मला मागून घेतलं, तेही चाचरत. "एवढी एक वही नेली तर चालेल का?" असं त्यांनी मुख्याध्यापकांना विचारलं आणि मग शिपायालाही विचारलं.

भाऊसाहेबांचा स्वभावच तसा. एकतीस वर्षं त्यांनी शाळेची पत्रं लिहिली, पण स्वतःच्या मनाने एकही पाठवलं नाही. आधी पेन्सिलीने कच्चा मसुदा, त्यावर मुख्याध्यापकांची लाल शाई, मग पक्की प्रत, मग सही. दुसऱ्याने तपासल्याशिवाय आपलं वाक्य पुरं होतं, हे त्यांना कधी पटलंच नाही.

माझ्यात मात्र ते रोज सकाळी चहा झाला की एक पान लिहू लागले. पहिल्या दिवशी लिहिलं, "आज विशेष काही नाही." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी. त्यांनी दारातल्या शेवग्याला लागलेल्या शेंगांविषयी चार ओळी लिहिल्या. मग हळूहळू रोजचा नेम सुटला, पण मनात काही साचलं की ते पानावर येऊ लागलं. कुणाचा राग आला, कशाची भीती वाटली, लंकाबाईंना आपण उगाच काय बोललो. लंकाबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. रागाचं पान भाऊसाहेब दुसऱ्या दिवशी वाचायचे, आणि पुष्कळदा राग निम्मा झालेला असायचा. मी काहीच करत नव्हते. लाल शाई मात्र मी कधी मारली नाही. एवढ्या साध्या कामासाठी कुणी मला पुन्हा पुन्हा उघडावं, याचे मी फार उपकार मानते.

मार्गशीर्षात ते पत्र आलं. सत्यशीलाबाईंचं. त्या पाथर्डी तालुक्यातल्या एका वाडीवर शिक्षिका आहेत. लहानपणी त्यांचे आईवडील ऊसतोडीला श्रीगोंद्याकडे यायचे, तेव्हा त्या हंगामापुरत्या भाऊसाहेबांच्या शाळेत बसायच्या. आता त्या ऊसतोड कामगारांच्या मुलांचं हंगामी वसतिगृह सांभाळतात. आईबाप तोडीला जातात, मुलं गावात राहून शिकतात. त्यांनी लिहिलं होतं:

"भाऊसाहेब, तुम्ही मला एक वही दिली होती आणि रोज एक पान लिही म्हणाला होतात. त्या वहीमुळे मी टिकले. इथे मीही मुलांना रोज लिहायला सांगते. अश्विनी नावाची एक मुलगी आहे, सहावीतली. ती कोरं पान पुढे घेऊन बसते. म्हणते, 'मला न्हाई जमायचं बाई, मी आईकडं फडावर जाते.' गेली तर तिची शाळा सुटेल. माझं तिला खरं वाटत नाही. तुम्ही तिला चार ओळी लिहा. फोन नको, कागद हवा. तो तिला जवळ ठेवता येईल."

भाऊसाहेबांनी ते पत्र तीनदा वाचलं आणि माझ्यात ठेवलं. मग माझ्या मागच्या पानांवर मसुदे सुरू झाले. एक, दोन, करत करत सात. प्रत्येकात खोडाखोड. "मी कारकून माणूस, मुलांना काय शिकवणार?" असं एका मसुद्याच्या कडेला लिहिलेलं अजून आहे. सातव्या मसुद्याखाली त्यांनी सवयीने सहीसाठी जागा सोडली. लंकाबाईंनी ती पाहिली.

"अहो, ही जागा कुणासाठी?"

"काही नाही, सवय."

"हेडमास्तरला जाऊन पाच वर्षं झाली. आता सहीला वर पाठवायचं का?"

भाऊसाहेब हसले, पण पत्र गेलं नाही.

फाल्गुनातल्या एका गुरुवारी सकाळी लंकाबाई फोन हातात घेऊनच आल्या.

"सत्यशीलेचा फोन हुता. त्या पोरीचा बाप रविवारी येतोय तिला न्यायला. तुमी पत्र काय लोणच्यासारखं मुरवायला ठेवलंय?"

"मला नाही गं जमणार ते."

"मग तसं लिवून टाका. तेवढं तरी लिवा!"

भाऊसाहेबांनी मला उघडलं आणि खरंच लिहिलं, "मला जमणार नाही." लिहिताच त्यांचा हात थांबला. हे वाक्य त्यांनी आधी कुठेतरी वाचलं होतं. ते माझी पानं मागे उलटत गेले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तेच वाक्य. त्याच्याही मागे, तीन वर्षांपूर्वीच्या एका पानावर, "हिचा हात प्लॅस्टरमध्ये. पीठ चिकट होतं, भाकरी तव्यावर टाकताना मोडते. मला जमणार नाही." आणि त्यानंतर नऊ दिवसांनी, पिठाचा डाग पडलेल्या पानावर, "आज भाकरी फुगली. ही म्हणाली, कडेला करपली. पण दोन खाल्ल्या."

ती दोन पानं त्यांनी पुन्हा वाचली. मग नवा कागद घेऊन सुवाच्य अक्षरात उतरवू लागले आणि दोन ओळींतच थांबले. त्यांनी फूटपट्टी आणली.

मित्रांनो, वहीला सगळ्यात मोठी भीती पान फाटण्याची असते. शिवलेल्या वहीचं एक पान गेलं की त्याच्या जोडीचं पानही सैल होतं. पट्टी टेकली तेव्हा मी घाबरले. पण त्यांनी फार जपून, शिवणीजवळून ती दोन पानं काढली. दुसऱ्या पानाच्या कोऱ्या जागेत लिहिलं:

"अश्विनी, ही पानं माझीच आहेत, खोडाखोडीसकट. पहिलं लिहिताना मला दुसरं दिसत नव्हतं. लिहून ठेवलं म्हणून आज कळलं, की आपण भ्यालो होतो आणि तरी जमलं. तू एक ओळ लिही. आईची आठवण येते, एवढंच लिही. शुद्धलेखन कुणी तपासणार नाही. आणि ती ओळ जपून ठेव. पुढच्या महिन्यात तुलाच ती वाचायची आहे."

सैल झालेली जोडीची पानं त्यांनी खळीने नीट चिकटवली. तुम्हाला माझी एक विनंती आहे, मित्रांनो. घरात एखादी कोरी वही पडून असेल तर तिला कपाटात कोंडून ठेवू नका. तिला ओलीपासून, वाळवीपासून जपा, पण चांगलं अक्षर येईपर्यंत थांबवून ठेवू नका. वाईट अक्षरही आम्हाला चालतं. कुणीतरी आपल्यापाशी खरं बोलतं, याहून मोठं भाग्य वहीला नसतं.

पत्ता माझ्यातल्या पत्रावर होता, म्हणून त्या सकाळी मीही पिशवीतून पोस्टात गेले. खिडकीतल्या कारकुनाने पाकीट हातात घेऊन तोललं.

"भाऊसाहेब, आत काय हाय?"

"दोन पानं."

"साधं टाकू का स्पीडनं?"

"स्पीडनं. शनिवारपर्यंत पोचलं पाहिजे."

"पोचंल की. जिल्ह्यातलंच हाय."

शिक्का बसला. "जरा परत द्या" असं म्हणायला भाऊसाहेबांनी तोंड उघडलं, हातही पुढे केला. कारकुनाला वाटलं पावती हवी आहे. त्याने ती त्यांच्या हातावर ठेवली आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.

भाऊसाहेबांनी हात मिटून घेतला.