श्रिंकचा वाक्यात उपयोग

आमच्या धुलाई कारखान्यात नवे साहेब आले आणि इंग्रजीचं खूळ घेऊन आले. कपड्यांवरच्या परदेशी चिठ्ठ्या बायकांना वाचता आल्या पाहिजेत म्हणे. म्हणून जेवणाच्या सुट्टीत वर्ग. डबा मांडीवर, फळा समोर. घास घशात आणि शब्द डोक्यावरून!

माझी नणंद तिथेच पॅकिंगला. ती पहिल्या रांगेत. मी इस्त्रीवाली, मी आपली दाराशी, जरा वारा लागतो म्हणून.

एक दिवस साहेबांनी फळ्यावर लिहिलं, श्रिंक. "म्हणजे आटणं, लहान होणं. वाक्यात उपयोग करा."

नणंदबाई ताडकन उठल्या. "वूल श्रिंक्स इन हॉट वॉटर!" टाळ्या. अहो, याच बाईंनी माझ्या नवऱ्याचा स्वेटर उकळत्या पाण्यात घालून बाहुलीच्या मापाचा केला होता. वर म्हणाल्या, दादाच सुटलाय.

पुढच्या आठवड्यात इस्त्रीचं मशीन आलं. एका बाजूने चादर आत, दुसरीकडून घडी बाहेर. आम्ही इस्त्रीच्या चौघी बघतच राहिलो. माझा तर नवरा कंबर धरून घरी पडलेला, चूल पेटते ती माझ्या पगारावर.

साहेब मात्र मशीनबद्दल चकार शब्द काढीनात. वर्गात म्हणाले, "आज उजळणी. श्रिंक. कोण करतंय वाक्य?"

म्हटलं, होऊन जाऊ दे. उभी राहिले.

"सर, न्यू मशीन कम. इस्त्री डिपार्टमेंट विल श्रिंक?"

साहेबांचा खडू हातातच राहिला. मग तोंडभर हसले. "व्हेरी गुड! दाराशी बसूनसुद्धा शिकता येतं, बघा. वाजवा टाळ्या!"

वाजवल्या की मेल्यांनी! नणंदेने सगळ्यांत जोरात.

"अहो साहेब, मी वाक्य नाही केलं, तुम्हाला विचारलंय."

"हो, हो. प्रश्नार्थक वाक्यं सोमवारी घेऊ," साहेब म्हणाले आणि फळा पुसायला लागले.

शनिवारी आम्हा चौघींना ऑफिसात बोलावून उरलेला पगार हातात दिला. तिथे साहेब निव्वळ मराठीत बोलले, तेही दोनच वाक्यं.

सोमवारी संध्याकाळी नणंद घरी आली, चप्पल काढता काढता म्हणाली, "वहिनी, आज प्रश्नार्थक वाक्यं झाली. इतकं छान शिकवलं! तू असायला हवी होतीस."