उताराला पुरून उरलो!

मी ब्रेक बोलतोय. होय, जुन्या गाडीतला ब्रेक! इंजिनाचं कौतुक करताना तुमचं तोंड दुखत नाही. माझी आठवण मात्र जीव टांगणीला लागल्यावरच येते. असो. आजचा दिवस माझा आहे, आज मीच बोलणार.

कारखान्यातून आलो तेव्हा असा कडक होतो, की जरा पाय टेकला तरी गाडी जागच्या जागी! एका घड्याळजीनं लग्नानंतर आम्हाला घरी आणलं. त्याची बायको शेजारी बसून प्रत्येक वळणावर "हळू हो!" म्हणायची आणि मी लगेच तिचं ऐकायचो. ती गेली, तशी गाडी ताडपत्रीखाली गेली. माझ्या नळ्यांत हवा शिरली. पाय ठेवला की मी थेट तळाला! लाज वाटायची हो.

परवा घड्याळजींचा मुलगा म्हणाला, "बाबा, जागा अडलीय. रविवारी ही उतारावर थांबली तर ठेवू, नाहीतर भंगारवाल्याला देऊ." म्हाताऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. तेव्हा सूनबाई बाह्या सरसावून पुढे आली. "बाबा, मी पाय देते. तुम्ही खाली बघा."

माझी हवा काढायला दोघं लागतात. एकानं मला दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकामागचा स्क्रू सैल करून तेलाबरोबर हवा बाटलीत सोडायची, स्क्रू आवळायचा आणि मगच पहिल्यानं पाय उचलायचा. पण आमचे सासरे पडले भिडस्त! गाडीखालून म्हणायचे, "दमला असाल तर राहू द्या हं, सूनबाई." वडीलधारं माणूस सांगतंय म्हणून ती लगेच पाय काढायची. स्क्रू उघडाच! गेलेली हवा पुन्हा माझ्या पोटात. सगळी सकाळ हे असंच, ये रे माझ्या मागल्या. तेल संपत आलं, दोघं रडकुंडीला आली.

उरलंसुरलं तेल ओतलं. तिचा पाय हलला मात्र, सासरे गरजले, "अगं ए, पाय काढू नकोस! मी सांगायच्या आत काढलास तर बघ!"

सासरे स्वतःच ओशाळले. मग वरून हसण्याचा फवारा फुटला. "अहो बाबा, असं ओरडायचं की! मला वाटलं, तुम्हीच दमलात."

मग काय विचारता! "दाब!" "दाबलं!" "धर!" "धरलंय!" बाटलीत बुडबुडे आले, कमी झाले, थांबले. मी तिच्या पायाखाली दगडासारखा घट्ट!

सून गाडी चालवायला बसली, सासरे शेजारी. खाली फाटकापाशी मुलगा कमरेवर हात ठेवून उभा. गाडी उतारावरून सुसाट निघाली. म्हाताऱ्यानं डोळे मिटले. तिनं मला दाबलं आणि मी सगळी ताकद लावली.

थांबली! तीही मधोमध, भर उतारावर!

"थांबली रे, थांबली!" सासरे हसताहेत की रडताहेत, कळेना. मुलानं भंगारवाल्याला फोन लावला. "भाऊ, नका येऊ. गाडी द्यायची नाहीये."

लोकहो, माझं तेल तेवढं वेळच्या वेळी बदलत जा. बाकी खुशाल पळवा गाडी. थांबवायला मी आहे!